जानकीची उडी

"नले, ह्या खेपेला मला मारायचं न्हाई," गिरणीचा पट्टा चढवता चढवता आत्या म्हणाली.

मी जोंधळ्याचा डबा खाली ठेवला. दळण हे नुसतं निमित्त होतं. गावच्या नाटकात मला जानकीचं काम मिळालंय, ही बातमी तिला माझ्या तोंडून सांगायची होती. पण ती तिला आधीच पोचली होती. गिरणीत कुठलीच बातमी उशिरा पोचत नाही.

"तुला कशाला मारू? मरते ती जानकी," मी हसून म्हणाले.

आत्या हसली नाही. तिनं बटण दाबलं, गिरणी घरघरायला लागली आणि त्या आवाजात ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जानकी कोण, ते तुला ठावं हाय का न्हाई?"

ठाऊक होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि कुणीही त्यावर कधी बोलत नव्हतं.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा गावातल्याच शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं. आमचं कांडवे वारणेकाठचं. घोलप गुरुजींनी तिथंच बसून 'जानकीची विहीर' ही कादंबरी लिहिली आणि त्या एका पुस्तकावर आमचं गाव महाराष्ट्राला माहीत झालं. त्यातली जानकी नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाच्या दिवशी घागर घेऊन विहिरीवर जाते, काठावर उभी राहून 'आता या घरची तहान भागली' असं म्हणते आणि उडी मारते. हे वाक्य आमच्याकडं पोरांनासुद्धा पाठ असायचं. प्रस्तावनेत गुरुजींनी लिहिलं होतं, 'ही माझ्या गावात घडलेली हकीकत आहे. त्या विहिरीचे पाणी मी आजही पीत नाही.' ते वाचून लांबलांबची माणसं विहीर बघायला यायची. मग कुणीतरी काठावर एक दगड मांडला, कुणीतरी त्याला शेंदूर फासला, आणि श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी गावातल्या सवाष्णी तिथं जानकीची ओटी भरायला लागल्या. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं रीतीप्रमाणं. सगळ्यांच्या पुढं गुरुजींची बायको, इंदुमती काकू. काकू मिरजेच्या. पुस्तक वाचून इतक्या भारावल्या की न बघता या स्थळाला हो म्हणाल्या, असं त्या स्वतःच कौतुकानं सांगायच्या.

आणि खरी हकीकत अशी, की माझी सोनाआत्या गावातल्या गावातच दिली होती. तिचं सासर गुरुजींच्या भिंतीला भिंत लागून. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. त्या दिवशी आत्या वरच्या आळीतून खालच्या आळीत, माहेरी, निघून आली ती कायमची. आजोबांच्या मागं लागून तिनं पिठाची गिरणी टाकली आणि पुढं जन्मभर सगळ्या गावाला दळून दिलं. नवरा दुसरीला घेऊन इचलकरंजीला गेला आणि तिथं मजेत राहिला. म्हणजे आत्या सवाष्णच. पण टाकलेली. टाकलेल्या बाईला कुणी बारशाला बोलवत नाही, डोहाळजेवणाला बोलवत नाही, तिची ओटी भरत नाही. जुन्या माणसांनी तोंडाला कुलूप घातलं होतं, आणि तरण्या पोरींना वाटायचं, जानकी कुणीतरी आजी-पणजीच्या काळातली साध्वी असेल.

विहिरीची वाट गिरणीवरून जाते. दर श्रावणात नटूनथटून, ताटं घेऊन, सवाष्णी जिवंत बाईच्या दारावरून कागदावरच्या बाईची ओटी भरायला जायच्या. त्यांत माझी आईही असायची. मी एकदा तिला छेडलं तर म्हणाली, "ती ओटी देवाची असते. वन्सं काय, आपल्याच हायेत की." आपल्याच, म्हणून त्यांना काही द्यायचं नाही, असा तो हिशेब.

गिरणी थांबल्यावर मी आत्याला विचारलं, "इतकी वर्षं बोलली नाहीस, मग आताच का?"

"आदी वाटलं, पुस्तकातलं कोण खरं मानतंय. मग लोकं मानाय लागली. तवर मी मेलेली झाले. मेल्या माणसानं काय बोलायचं?" तिनं पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. "कालिजातल्या पोरी दरसाल ग्यादरिंगला उडी मारत्यात. मारंनात. पण तू माझ्या भावाची लेक. माझ्या भावाच्या लेकीनं समद्या गावाम्होरं माझा जीव घ्यायचा आन् मी बसून बघायचं?"

"मग खरं काय झालं होतं त्या दिवशी?"

हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नसावं, कारण तिनं आधी गिरणीचं दार पुढं लोटलं.

"पावणं आलंतं. लगीनघाईत पाणी कुणी भरलं न्हवतं. सासू म्हणली, सोने, पावण्यांस्नी प्याला पाणी न्हाई. मी गेले. घागर भरली, आणली, उंबऱ्याच्या आत ठिवली. म्हणलं, पाणी भरलंय, मी जाते. आन् आले."

"एवढंच?"

"एवढंच," आत्या म्हणाली. "का? कमी पडलं?"

मी पिठाचा डबा घेऊन घरी गेले आणि रात्रभर माझ्या कानात ते 'कमी पडलं?' वाजत राहिलं. नवऱ्याच्या लग्नाला पाणी भरून दिलेली बाई. आणि गुरुजींना ते कमी पडलं होतं.

आमच्या नाटकाचा दिग्दर्शक विलास कुरणे. गावचाच, पण पुण्यात नाटक शिकून आलेला, त्यामुळं दाढी आणि मतं दोन्ही वाढलेली. गुरुजींच्या साठीच्या सत्काराला हे नाटक व्हायचं होतं. विलासनं कादंबरीत नसलेलं बरंच काही घुसवलं होतं. घागरी घेतलेल्या बायकांचा एक घोळका गोष्ट सांगत फिरायचा. एक विनोदी तलाठी होता. दोन गाणी होती, त्यातलं एक तर चक्क जानकीच्या सवतीचं. गुरुजी रोज तालमीला येऊन खुर्चीत बसायचे आणि मान डोलवायचे. "कर, कर," ते म्हणायचे, "कलाकृती माध्यम बदलते तेव्हा तिला मोकळीक द्यावी लागते." तलाठ्याच्या फाजील विनोदांनाही त्यांनी मोकळीक दिली होती.

तेव्हा मी विलासला शेवट बदलायला सांगितलं, तर त्याचे डोळेच चमकले. "झकास. जानकी मरत नाही. ती विळा घेऊन मांडवात घुसते, मुंडावळ्या तोडते आणि म्हणते—"

"विळा कुठून आला?"

"प्रतीक आहे ते."

दुसऱ्या दिवशी तो उत्साहानं गिरणीत गेला आणि आत्यालाच ते प्रतीक समजावून सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इळा घेऊन मी मांडवात कशाला जाईन? त्या पोरीचं काय चुकलंतं? सोळा वर्साची हुती, भेदरून बसलीती."

"बरं, मग घागर तरी उंबऱ्यावर उपडी करा. सगळं पाणी सांडतंय, असं."

"उपडी कशापायी? पावण्यांनी काय केलंतं माझं? तान्हेली माणसं ती."

विलास परत आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. "तुझ्या आत्याला नाट्य कळत नाही," असं मला म्हणाला. मी त्याला म्हणाले, तू तिला मारत नाहीस एवढं पुरे, बाकी तुझं नाट्य तू तलाठ्यावर काढ. तो कबूल झाला, पण गुरुजींची परवानगी आण म्हणाला.

गुरुजी दुपारी शाळेच्या वाचनालयात बसायचे. मी आत्याला घेऊन गेले. ती गिरणी बंद करून, धुतलेलं लुगडं नेसून आली होती. इतकी वर्षं एका गावात राहून ती दोघं समोरासमोर कधी बसली नव्हती, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

"या, सोनाबाई," गुरुजी म्हणाले. आवाजात जराही गडबड नव्हती.

मी सगळं सांगितलं. गुरुजींनी डोळे मिटून ऐकलं.

"सोनाबाई, माझ्या पुस्तकात तुमचं नाव कुठं आहे का?"

"नाव न्हाई. बाकी समदं हाय. माझं दार हाय. सासूची तपकिरीची डबी हाय. न्हवऱ्याचं घोरणं हाय. तुमच्या परसातनं आयकाय येत असंल."

"कादंबरी म्हणजे कल्पना असते. लेखक जीवनातून घेतो आणि त्याला आकार देतो. ते स्वातंत्र्य त्याचं असतं."

"मग ह्या पोरांस्नीबी घिऊ द्या की थोडं. तुमी माझ्यातनं घेतलं, त्यांनी तुमच्यातनं घ्यावं."

"ते वेगळं." गुरुजींनी डोळे उघडले. "जानकी आता माझीही राहिली नाही, हजारो वाचकांची झाली आहे. तिच्याशी इमान राखायला हवं. तलाठी घाला, गाणी घाला, माझं काही म्हणणं नाही. पण शेवटाला हात लावाल तर परवानगी मागे घेईन. तो शेवट म्हणजे पुस्तकाचा प्राण आहे."

"आन् माझा?" आत्यानं विचारलं.

"सोनाबाई, जानकी मेली म्हणूनच ती लोकांच्या मनात जिवंत राहिली. तुमची गोष्ट जशीच्या तशी लिहिली असती, तर कुणी वाचली असती? बाईनं पाणी भरलं आणि माहेरी गेली. यात गोष्ट कुठं आहे?"

हे वाक्य त्यांनी इतक्या शांतपणे म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज गुरुजी नाहीत, आत्याही नाही, माझे स्वतःचे केस पिकले. पण ते वाक्य आठवलं की अजूनही हातातलं काम ठेवून द्यावं लागतं. म्हणे कल्पना. यांनी हाडामांसाची बाई उचलून विहिरीत टाकली तर ते स्वातंत्र्य, आणि दुसऱ्या कुणी तिला बाहेर काढायचं म्हटलं तर बेइमानी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. वर प्रस्तावनेत 'घडलेली हकीकत' आहेच.

"गुरुजी," मी म्हणाले, "मग प्रस्तावनेत खरी हकीकत म्हणून का लिहिलंत? आणि त्या विहिरीचं पाणी का पीत नाही म्हणता? तिथं तर कुणीच मेलेलं नाही."

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "तुम्ही अजून लहान आहात."

आत्या उठली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. दारात थांबून एवढंच म्हणाली, "तुमच्या हिरीचं पाणी ग्वाड हाय, गुरुजी. मी अजून तेच पिते."

विलासनं परवानगी मागे जाईल म्हणून हात वर केले. "उडी मार आणि मोकळी हो," तो म्हणाला. शिवाय त्यानं एक नवी करामत काढली होती. उडीनंतर घागरीवाल्या बायका विहिरीची ओटी भरणार आणि त्या वेळी खुद्द इंदुमती काकूंनी खऱ्या ओटीचं ताट घेऊन रंगमंचावर यायचं. गुरुजींना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी विलासची पाठ थोपटली. आत्याला मी हे सांगितलं नाही. तिनंही मला पुन्हा नाटकाचं काही विचारलं नाही. फक्त प्रयोगाच्या आदल्या दिवशी म्हणाली, "मी यिऊन बसनार हाय. तुला काय करायचंय ते तू कर."

प्रयोग शाळेच्या पटांगणात, भर दुपारी ठेवला होता, म्हणजे बायकांना स्वयंपाकाच्या वेळेला घरी जाता यावं. मांडव खच्चून भरला होता. पहिल्या ओळीत शाल पांघरलेले गुरुजी आणि त्यांच्या शेजारी काकू, मांडीवर ओटीचं ताट घेऊन. आत्या मधल्या ओळींत, बायकांच्या गर्दीत बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंनी बायका जरा सरकून बसल्या होत्या, रोजच्यासारख्या.

नाटक रंगलं. तलाठ्याला हशे मिळाले, सवतीच्या गाण्याला वन्स मोअर मिळाला. मग लग्नाचा दिवस आला. मी घागर घेऊन लाकडी विहिरीच्या काठावर चढले. मागं उडी मारायला गाद्या घातल्या होत्या. पुढच्या ओळींतल्या बायकांचे ओठ हलताना मला दिसत होते. वाक्य माझ्याआधीच म्हणायला त्या तयार होत्या.

मी वाकून घागर बुडवली. वर काढली, कमरेवर घेतली आणि काठावरून खाली उतरले. रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला घराचं दार होतं, तिथवर चालत गेले. घागर उंबऱ्याच्या आत ठेवली.

"पाणी भरलंय," मी म्हणाले. "मी जाते."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. विंगेतून विलास हातवारे करत होता. घागरीवाल्या बायका एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. मग मांडवातून कुणीतरी म्हणालं, "अगं, उडी राहिली."

थोडं हसू पिकलं. मी हलले नाही.

"उडी मार की," दुसरी एक म्हणाली. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता.

"मार उडी. काय चाललंय हे?"

"जानकीची इटंबना करताय व्हय?"

मग सगळीकडून सुरू झालं. उडी मार, उडी मार. आधी थट्टा होती. बघता बघता थट्टा गेली आणि नुसती मागणी उरली. बाया, पुरुष, पोरं, सगळी मिळून ठेक्यात म्हणत होती. सकाळी मला 'बाई, नमस्ते' म्हणणारी माणसं मी मरावं म्हणून हटून बसली होती, कारण त्यांना तसं वाचायची सवय होती. माझी आई मान खाली घालून बसली होती. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध आत्या, हात मांडीवर ठेवून, ऐकत होती. माझ्या नावानं चाललेला तो गजर खरा कुणाच्या नावानं होता हे त्या मांडवात तिला, मला, आईला, जुन्या माणसांना आणि पहिल्या ओळीतल्या शालीला माहीत होतं.

गुरुजी उभे राहिले. त्यांनी हात वर केला तसा गलका थांबला.

"रसिकहो, हे माझं नाही," ते म्हणाले. "हा शेवट मी लिहिलेला नाही."

"बराबर हाय," मागून आवाज आला. "ह्यो तुमी लिवल्याला न्हाई."

आत्या उठली होती. बायकांनी गुडघे बाजूला घेतले आणि ती वाट काढत पुढं आली. गुडघे धरत, एकेक पायरी करत ती रंगमंचावर चढली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. मांडवातल्या प्रत्येक घरात तिच्या हातचं पीठ होतं. इतक्या लोकांनी तिच्याकडं एकाच वेळी बघितल्याचं मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

"कोण म्हणत हुतं, उडी मार म्हणून?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. "त्या दिशी मी घागर भरली आन् म्हायेरी गेले. मेलेबिले न्हाई. ही बघा, उभी हाय. ज्येला मारायचीच हाय त्येनं हितं वर यावं आन् ढकलावं."

म्हातारी माणसं पायाशी बघत होती. त्यांनी तेव्हाही असंच बघितलं असेल.

"गप्प का सगळे?" हा आवाज काकूंचा होता. त्या ताट घेऊन उठल्या होत्या. आधी त्यांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी शाल सारखी करत होते. ती सारखी होईना. काकू ताट सावरत पायऱ्या चढून आमच्यासमोर आल्या. ताटातला नारळ गडगडत होता.

"म्हणजे जानकी तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मी सोना."

"त्या विहिरीत कुणीच मेलं नाही?"

"न्हाई."

"मग सोनाबाई," काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं आम्ही ओटी कुणाची भरली?"

"हिरीची," आत्या म्हणाली. "मी घरातच हुते."